मिरचीचे वाण कसे राखावे?



आपल्याकडे एक म्हण आहे, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. बैलांच्या बाबतीत ही म्हण खरी असेल. मिरचीच्या बाबतीत मात्र ती उलटी करून घ्यावी लागते. मिरचीला शेजारणीचा गुण त्या वर्षी लागत नाही. पुढच्या वर्षी वाणच बदललेला दिसतो. हे कसे घडते आणि त्यावर उपाय काय, एवढेच आज सांगायचे आहे.

मिरची मूळची आपली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती अमेरिकेकडून गोव्याच्या किनाऱ्यावर आली. पण पुढच्या चारशे-साडेचारशे वर्षांत आपल्या शेतकऱ्यांनी तिला अगदी आपलेसे केले. गोव्याची खोलाची आणि हरमलची मिरची, गडहिंग्लज भागातली लांब, पातळ सालीची संकेश्वरी, नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, इवलीशी पण जिभेला चटका देणारी लवंगी, शेजारच्या कर्नाटकातली गर्द लाल, सुरकुतलेली आणि बेताच्या तिखटाची ब्याडगी. एकेका मुलखाने आपापला वाण घडवला. तो कोणी कारखान्यात केला नाही. दरवर्षी चांगल्या झाडांचे बी राखायचे आणि तेच पुन्हा पेरायचे, एवढ्यावर तो उभा राहिला. बाजारात ब्याडगीला भाव मिळतो तो तिच्या रंगासाठी. तिच्यात लवंगीचा तिखटपणा शिरला, तर पोत्यावर नाव तेच राहील, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही.

आता फुलाकडे या. मिरचीचे फूल पांढरे, लहान, खाली मान घातलेले. त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्यामुळे एकटे झाडही स्वतःच्याच परागाने फळ धरते. म्हणून पुष्कळांना वाटते, की मिरचीत भेसळ होतच नाही. पण तसे नाही. सकाळी फूल उमलते, तेव्हा त्याचे स्त्रीकेसर पराग घ्यायला तयार असते. स्वतःचे पराग मात्र बहुधा थोड्या वेळाने सुटतात. काही वाणांत स्त्रीकेसराचे टोक पुंकेसरांच्या वर डोकावत असते. एवढी फट मधमाश्यांना पुरते. फुलोरी माशी, सातेरी माशी, मुंग्या, बारीक फुलकिडे या फुलावरून त्या फुलावर जातात आणि अंगाला चिकटलेले पराग नेऊन पोचवतात. असे किती बी परक्या परागाचे होईल, याचा एकच आकडा सांगता येत नाही. माश्या किती, वाण कोणता, झाडे किती जवळ, यावर ते ठरते. कुठे शेकडा दहाच्या आत, तर कुठे निम्म्याच्याही वर.

येथे एक गैरसमज दूर करू. ढोबळी मिरचीच्या वाफ्याला लागून ज्वाला मिरची लावली आणि ढोबळी जरा तिखट लागली, तर लोक म्हणतात, "शेजारच्या मिरचीने बिघडवली!" पण त्याच वर्षी असे होत नाही. मिरचीची साल, गर आणि बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात ती शीर, हे सारे आईच्या झाडाचे अंग आहे. तिखटपणा तयार होतो तो त्या पांढऱ्या शिरेत, बियांत नव्हे. बापाचा अंश जातो तो फक्त बीत. म्हणून फळ आईसारखेच राहते आणि आतले बी मात्र संकराचे असते. मग मक्यात कसे काय? पांढऱ्या मक्याजवळ पिवळा मका असला, तर कणसात पिवळे दाणे त्याच हंगामात दिसतात. कारण मक्यात आपण खातो तो दाणा म्हणजेच बी. मिरचीत आपण बीच्या भोवतीचे घर खातो. यंदाचीच मिरची जास्त तिखट लागली, तर कारण पाण्याच्या ताणात, उन्हात किंवा मुळात पेरलेल्या बीत शोधावे.

खरी गंमत पुढच्या वर्षी होते. त्या ढोबळीचे बी पेरले, की त्यातली संकराची झाडे तिखट निघतात, कारण गोडेपणापेक्षा तिखटपणा वरचढ असतो. त्या झाडांचे बी पुन्हा पेरले, तर सुमारे तीन झाडे तिखट आणि एक गोडे, अशी फाटाफूट होते. मेंडेलने 1866 साली वाटाण्याबद्दल जो हिशेब छापला, तोच हा. आकार, लांबी, रंग हे गुण तर याहूनही गुंतागुंतीने विखुरतात. दुकानातून आणलेल्या संकरित मिरचीचे बी राखले, तर पुढच्या पिकात सारखेपणा राहत नाही, त्याचेही कारण हेच.

आता उपाय. पहिला उपाय अंतराचा. आपल्या देशातल्या बीजप्रमाणीकरणाच्या नियमांत मिरचीच्या दोन वाणांमध्ये पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर अंतर सांगितले आहे. तुम्ही म्हणाल, "साहेब, माझे रानच दोन एकर. दोनशे मीटर म्हणजे शेजाऱ्याचे शेत ओलांडून पलीकडे!" अगदी खरे आहे. म्हणूनच वाण राखणे हे एकट्याचे काम नव्हे. एका शिवारातल्या चार-पाच जणांनी बसून ठरवावे, की यंदा या बाजूला बियाण्यासाठी एकच वाण. तेवढे जमले, तरी निम्मे काम झाले.

ते जमत नसेल, तर दुसरा उपाय जाळीचा. बियाण्यासाठी वीस-पंचवीस चांगली झाडे निवडा. एकाच उत्तम झाडाचे बी घेऊ नका. वाणातले बळ टिकायला बरीच झाडे लागतात. आधी उमललेली फुले आणि धरलेली फळे खुडून टाका. चार काठ्या रोवून मच्छरदाणीच्या कापडाचा मांडव करा आणि कड मातीने दाबून घ्या. आत वारा कमी लागतो, म्हणून रोज सकाळी झाडे हलकेच हलवावीत. मावा शिरला का तेही पाहावे. पुरेशी फळे धरली, की त्या देठांना रंगीत दोरा बांधा आणि मग जाळी काढा. बी घ्यायचे ते फक्त दोरा बांधलेल्या फळांचे. दोन-चार झाडांपुरते काम असेल, तर फांदीला मलमलीची पिशवी बांधूनही भागते.

तिसरा उपाय डोळ्यांचा. पाने, उंची, फुले किंवा फळे वेगळी दिसणारी झाडे बियाण्याच्या तुकड्यातून काढून टाका. शक्यतो फुले येण्याआधी, मग फुलोऱ्यात आणि पुन्हा फळे धरल्यावर. चुरडामुरडा झालेल्या झाडाचे आणि डाग पडून सडलेल्या फळाचे बी घेऊ नये. आणि निवड शेतात उभ्या झाडांवरून करावी. खळ्यावर ढिगातून लाल-लांब मिरच्या वेचल्या, तर त्या कोणत्या झाडाच्या होत्या हे कोण सांगणार?

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. बी काढून सावलीत चांगले वाळवा, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर वाणाचे नाव व साल लिहा. नावाशिवायचा डबा म्हणजे पत्त्याशिवायचे पत्र!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेच्या बागेत एक ओळ ढोबळीची आणि एक ओळ लवंगीची लावा. ढोबळीचे बी मुलांकडून राखवून पुढच्या वर्षी पेरा आणि कोणत्या झाडाची मिरची तिखट निघाली, त्याची वहीत नोंद ठेवायला सांगा. चाखण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे, बरं का! आनुवंशिकतेचा धडा फळ्यावर जितका कळेल, त्याहून जास्त त्या वाफ्यात कळेल.

आणि शेतकऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2001 सालच्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. कंपनीच्या छापाचे म्हणून ते विकता येत नाही, एवढीच अट. पण कायदा हक्क देतो, शुद्ध बी देत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वाण दोन-तीन हंगामांच्या दुर्लक्षाने मिसळून जातो, आणि एकदा मिसळला की तो पुन्हा निवडून काढायला वर्षानुवर्षे जातात. यंदा मिरची लावाल, तेव्हा विकण्याचे रान आणि बियाण्याचा तुकडा वेगळा ठेवा. तुकडा लहान असला तरी चालेल, पण तो राखलेला असावा.