कंबरेचे दुखणे आणि माझे चालणे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. कार्यकारी मंडळाने मला उभे केले आहे ते केवळ एक रोगी म्हणून. गेल्या वर्षी ह्याच संमेलनाच्या तयारीत तांदळाचे पोते एकट्याने उचलण्याचा हट्ट मी केला, आणि कंबरेत अशी चमक भरली की उभे राहवेना. पुढे कळ डाव्या पायातून थेट अंगठ्यापर्यंत उतरू लागली.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. थोरल्या वहिनींनी फळीवर अंथरूण घातले. मामांनी मालीशवाला धाडला. तीन आठवडे मी निजून काढले. कळ होती तशीच राहिली. मांड्या मात्र गळाल्या.

शस्त्रक्रियेच्या धास्तीनेच मी शल्यविशारदांकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितले, की मणक्यांमधील चकतीचा गर बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब पडतो. मिक्स्टर व बार ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये हे दाखविले, आणि तेव्हापासून शस्त्रक्रिया रूढ झाली. परंतु बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा आपणच शोषून घेते. हॉलंडमधील २८३ रोग्यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करावयाची, उरलेल्यांनी थांबावयाचे, अशी ती योजना होती. वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के बरे झाले. शस्त्रक्रियेने वेदना लवकर शमल्या. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागलीच, हेही लपवू नये. माझ्या तीन आठवड्यांच्या निजण्याला मात्र त्यांनी साफ दोष दिला.

मग चालणे सुरू झाले. प्रथम अंगणापर्यंत, पंधरवड्याने कोपऱ्यावरील देवळापर्यंत. काठी घेऊन निघण्याची लाज वाटे, म्हणून पहाटे अंधारात जात असे. आता त्या लाजेचे हसू येते. कळ आधी पोटरीत, मग मांडीत आखडत गेली. चौथ्या महिन्यात मी कचेरीत रुजू झालो.

एक गोष्ट मात्र भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण आपल्या घरांत बायका दुखणे अंगावर काढतात. लघवी अडली अथवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पावलातील बळ जाऊ लागले, तर थांबू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रियेला पर्याय नाही, आणि विलंबाने झालेली हानी भरून येईलच असे नाही.

यंदाचे तांदूळ काल आले. पोते आम्ही दोघांनी मिळून उतरविले.