खात्यावरचे नाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर साहित्याचा विषय बहुधा शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर येतो. जमीनधारणा, पतपुरवठा, हमीभाव यांचा ऊहापोह आटोपला, निम्मे श्रोते एस्टीच्या वेळेकडे डोळे लावून बसले, की मग थोडे साहित्य. हा क्रम बदलावयास हरकत नाही, असे वाटावयास लावणारी एका वाचकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

हे गृहस्थ एका जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या कर्जविभागात चौतीस वर्षे होते. वसुली हे त्यांचे काम. सचोटीचे म्हणून त्यांचा लौकिक होता आणि तो खरा होता. या काळात त्यांनी एकही कादंबरी वाचली नाही. कादंबरी म्हणजे रिकाम्या माणसाचा उद्योग, अशी त्यांची समजूत. निवृत्तीनंतर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ते मुलीकडे राहावयास गेले. डॉक्टरांनी वाचनाची परवानगी दिली तेव्हा घरात वर्तमानपत्राखेरीज होत्या त्या मुलीच्या कादंबऱ्याच. एका पावसाळ्यात त्यांनी तीन वाचल्या : प्रेमचंदांची ‘गोदान’, उद्धव शेळके यांची ‘धग’ आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. वाचताना त्यांनी टिपणे ठेवली, तीही बँकेच्या सवयीने. वहीच्या डाव्या पानावर कर्ज कोणाचे, उजव्या पानावर ते फेडले कोणी.

‘गोदान’ १९३६ साली प्रसिद्ध झाली. होरीचे कर्ज, त्याचे सावकार, एक गाय दाराशी असावी ही त्याची साधी इच्छा, हे सारे आपणांस ठाऊक आहे. सावकार या माणसाबद्दल गृहस्थांना नवे काही कळले नाही. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे आकडे त्यांना सहकारी प्रशिक्षणात तोंडपाठ करावे लागले होते. १९५१-५२ साली शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सावकारांचा वाटा सुमारे सत्तर टक्के आणि सहकारी संस्थांचा जेमतेम तीन टक्के. ‘गोदान’नंतर पंधरा वर्षांनी मिळालेला तो कादंबरीचा पुरावाच म्हणावयाचा. ते थबकले दुसऱ्याच ठिकाणी. गाय विषाने मरते, दरोगा गावात येतो, भावाच्या घराची झडती होऊ नये म्हणून होरी लाच द्यावयास तयार होतो. लाचेचे पैसे गावचा सावकारच उसने देतो, आणि त्या लाचेत गावच्या पुढाऱ्यांचा हिस्साही ठरलेला असतो. घराची अब्रू वाचविण्यासाठी काढलेले हे कर्ज वहीत चढणार होरीच्या नावे. तेवढ्यात धनिया पुढे येते आणि ते रुपये जमिनीवर विखरून टाकते.

गृहस्थांनी उजव्या पानावर लिहिले : ‘धनिया. कर्ज उचलण्यापूर्वीच नाकारले. अशी तरतूद आपल्याकडे नव्हती.’

विनोद म्हणून हे वाक्य चांगले आहे. पण ते विनोदाने लिहिलेले नव्हते. कर्जमागणी अर्जावर अर्जदाराची सही असे, दोन जामीनदारांच्या सह्या असत, सात-बाराचा उतारा जोडलेला असे. घरातील स्त्रीची संमती विचारणारा रकाना नसे. जिला फेडीचा भार उचलावयाचा होता तिला या कर्जाची पहिली वार्ता बहुधा नोटीस दारावर चिकटविली जाई तेव्हा कळे.

‘धग’ १९६० सालची. वऱ्हाडी बोलीतील ही कादंबरी वाचताना त्यांना पहिली चाळीस पाने जड गेली, पुढे मात्र त्यांनी ती दोन बैठकांत संपविली. शिंप्याचे कुटुंब, नवरा महादेव, त्याच्या कसबावर घर चालत नाही, पुढे त्याला महारोग जडतो. कौतिक मजुरीला जाते, मुलांकडे पाहते, भांडते, पुन्हा उभी राहते. तिच्या जिद्दीवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. या वाचकाला जिद्दीपेक्षा तिचा हिशेब मोठा वाटला. घरात आज किती आहे, उद्या कोणाकडे काम आहे, कोणाचे देणे चार दिवस थांबेल आणि कोणाचे थांबणार नाही, याची अखंड जुळवाजुळव तिच्या डोक्यात चालू असते. हा हिशेब कोठेही लिहिला जात नाही आणि तो चुकला तर शिक्षा तत्काळ होते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कुटुंब हा एक ठिपका असतो : उत्पन्न आत येते, खर्च बाहेर जातो. त्या ठिपक्याच्या आत कोण उपाशी निजले, हा प्रश्न त्या शास्त्राने फार उशिरा विचारला. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली शेतकऱ्यांची स्थिती तपासली तेव्हा देशातील ४८.६ टक्के आणि महाराष्ट्रातील जवळजवळ ५५ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आढळली. हा आकडा आपण सभांतून शेकडो वेळा सांगितला आहे, आणि तो सांगावयासच हवा. पण तोही कुटुंबांचाच आकडा आहे, कौतिकचा नव्हे.

‘बारोमास’पाशी मात्र हे गृहस्थ अस्वस्थ झाले, कारण हा त्यांचा स्वतःचा काळ होता. कादंबरी २००२ मधील. दोन वर्षांनी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकनाथ तनपुरे शिकलेला आहे, नोकरी नाही, शेती परवडत नाही, आणि शिक्षकाच्या जागेसाठी संस्थाचालकाला द्यावयास पैसा नाही. त्याची पत्नी अलका हा संसार सोडून माहेरी जाते. प्रथम वाचनात या वाचकाने अलकेला दोष दिला. मुलीने विचारले, “तिच्याशी लग्न ठरविताना तिला काय सांगितले होते?” ते पुन्हा वाचावयास बसले. नोकरी लागेल या भरवशावर झालेला तो विवाह होता. म्हणजे तोही एक प्रकारचा उधारीचा व्यवहार, आणि त्यात तारण म्हणून ठेवली गेली ती अलका. शेतीतील तोटा, शिक्षणातील भ्रष्टाचार आणि एका स्त्रीचे आयुष्य यांचा परस्परसंबंध सांगावयास आपल्या ठरावांना तीन परिच्छेद लागतात व तरीही तो सांगितला जात नाही.

येथे थोडे विषयांतर करून ‘नवे-जुने’ या प्रकाराबद्दल सांगावयास हवे, कारण शहरातील कार्यकर्त्यांना तो ठाऊक नसतो. मार्चअखेर आली की सोसायटीचे पीककर्ज फेडावयाचे असते. शेतकऱ्याकडे पैसा नसतो. तो खाजगी सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर जबर व्याजाने रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, एप्रिलमध्ये नवे कर्ज मंजूर होते, त्यातून सावकाराला परत करतो. वही स्वच्छ होते. गटसचिव खूश, शाखा खूश, वसुलीची टक्केवारी चढलेली. कर्ज जेथल्या तेथे, वर आठ-पंधरा दिवसांचे व्याज गेलेले. ते व्याज कोठून येते? पुष्कळदा घरातील डोरल्यातून, शेळीतून, दुसऱ्याच्या बांधावर केलेल्या निंदणीच्या मजुरीतून.

त्यांना आठवला तो १९९०च्या दशकाच्या आरंभीचा एक मार्च. एका गावी ते वसुलीला गेले होते. खातेदार ओट्यावर मान खाली घालून बसला होता. आतून त्याची बायको आली, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, मोजून दिल्या. पावती तयार झाली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, “यात माजं नाव कुठं हाय?” गृहस्थ म्हणाले, “बाई, खातं मालकाच्या नावावर आहे.” बरोबरचा शिपाई हसला. तेही हसले असावेत. पैसे कोठून आणले, हे त्यांनी विचारले नाही. त्यांच्या नमुन्यात तो प्रश्न नव्हता. नियमाप्रमाणे त्यांचे काहीही चुकले नव्हते, हे ते आजही सांगतात आणि लगेच म्हणतात की तेच तर वाईट आहे.

तिसरी कादंबरी संपविल्यावर त्यांनी ही आठवण वहीच्या उजव्या पानावर लिहिली. त्या बाईचे नाव त्यांना लिहिता आले नाही. ते त्यांना त्या वेळीही ठाऊक नव्हते.

कादंबऱ्यांबद्दल या वाचकाच्या काही तक्रारीही आहेत आणि त्या साहित्यिकांनी ऐकाव्यात अशा आहेत. सावकार कादंबरीत सहज शिरतो. त्याला मिशा असतात, गादी असते. सहकारी सोसायटीचा गटसचिव, बँकेचा संचालक, पुनर्गठनाचा ठराव, कलम १०१ खालील वसुलीचा दाखला, यांची कादंबरी त्यांना अजून वाचावयास मिळाली नाही. महाराष्ट्राच्या खेड्यातील सत्ता ज्या खोलीत बसते त्या खोलीचे दार लेखकाने क्वचितच उघडले, असे त्यांचे म्हणणे. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’चे नाव कोणी काढले, तर ते म्हणतात की ते मंत्रालय झाले, तालुका नव्हे. दुसरी तक्रार अशी की दुःख सोसणाऱ्या स्त्रीवर लेखकाचा इतका जीव जडतो, की ती सात-बारावर नाव मागेल अशी शक्यताच त्याच्या मनात येत नाही. या तक्रारीत तथ्य आहे, पण ती पूर्णतः न्याय्य नाही. कौतिकच्या काळात तो हक्क मागावयाची भाषा तिच्या आसपास नव्हती. चांदवडचे शेतकरी महिला अधिवेशन १९८६ मधील, जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम त्यानंतरची, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ मधील, देशाची २००५ मधील. लेखकाने काळाच्या पुढे उडी मारली नाही, हा त्याचा दोष मानता येणार नाही. कायदा झाल्यानंतरच्या कादंबरीकारांना मात्र हा बचाव उपलब्ध नाही. आपल्यालाही नाही : विदर्भातील आत्महत्यांच्या चौकशांत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या रकान्यांवर आपण रास्त संताप व्यक्त केला, पण आपल्या स्वतःच्या पाहणीपत्रिकांत ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ हाच पहिला रकाना राहिला आणि तेथे पुरुषाचे नाव लिहून कार्यकर्ता पुढच्या घरी गेला.

त्या गृहस्थांनी आता चौथी कादंबरी हाती घेतली आहे : रा. रं. बोराडे यांची १९७१ मधील ‘पाचोळा’. हेही शिंप्याचेच घर, पण मराठवाड्यातील, आणि सारी कथा घरातील स्त्री आपल्या बोलीत सांगते. वहीचे डावे पान त्यांनी या खेपेस कोरे सोडले आहे.