पाचवा कृष्णवर्णीय रिसाला



अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या एका रिसाल्याची हकीकत आज आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

केंटकी राज्यातील कॅम्प नेल्सन येथे १८६४ साली या रिसाल्याची उभारणी चालू होती. शिपाई बहुतेक कालपर्यंतचे गुलाम. कवायत पुरी होण्यापूर्वीच त्यांना व्हर्जिनियातील सॉल्टव्हिलच्या मीठ-कारखान्यांवर धाडण्यात आले. दक्षिणेच्या सैन्याचे मांस त्या मिठावर टिकत असे. घोडे न शिकविलेले, बंदुका पायदळाच्या. घोड्यावर बसून त्या भरताही येत नसत! वाटेत स्वपक्षाचेच गोरे शिपाई त्यांच्या टोप्या उडवीत. घोडेही चोरीत, आणि ही काही थट्टा नव्हे. त्यांनी ते निमूटपणे सोसले.

२ ऑक्टोबर रोजी पायउतार होऊन त्यांनी चढावरील शत्रूचे मोर्चे घेतले व संध्याकाळपर्यंत राखले. पुढे दारूगोळा सरत आल्याने सैन्यास माघार घ्यावी लागली. लढलेल्या सुमारे ४०० जणांपैकी ११४ मेले वा जखमी झाले. मागे राहिलेल्या जखमींपैकी कित्येकांना शत्रूने दुसऱ्या दिवशी ठार केले. ते विस्ताराने सांगणे आम्हांस जड जाते. जाताना ज्यांनी हेटाळणी केली ते परतीच्या वाटेवर गप्प होते, अशी नोंद कर्नल ब्रिस्बिन यांनी आपल्या अहवालात केली आहे.

डिसेंबरात पुन्हा स्वारी निघाली. तीतही हा रिसाला होता, आणि या खेपेस सॉल्टव्हिल पडले.