लाल मार्का

अमेरिकेतले काळे आपखुशीनं आपल्याच लोकांत राहतात, असं शहाणे सांगतात. साफ खोटं! आम्ही गोदीत बघतो, पेटीवर मार्का पडला की कुठल्या शेडमध्ये जायचं ते ठरलं. पेटीला कोण विचारतो?

तिथं सरकारनंच माणसांवर मार्का मारला. १९३० नंतरच्या सरकारी नकाशांत काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगवलेल्या. लाल म्हणजे जोखीम. म्हणजे कर्ज बंद.

१९४७ पासून न्यूयॉर्कबाहेर लेव्हिटाऊन उठलं. १७,००० वर घरं, कर्जाला सरकारची हमी. करारात कलम, गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. मोलकरीण मात्र चालेल! महायुद्ध लढून आलेला काळा शिपाईही बाहेर. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, असली कलमं कोर्टं राबवणार नाहीत. बिल्डरनं तरी काळ्याला घर दिलं नाहीच. (आडनाव विचारून खोली नाकारणारे तुम्हाला ठाऊक आहेत, फोड करत नाही.)

मग काळे जाणार कुठं? जवळच्या रूझवेल्ट गावात. १९६० नंतर तिथं दलालांनी डाव मांडला. एक घर काळ्याला विकायचं, मग शेजारच्या गोऱ्याला भिववायचं, 'भाव पडतोय, पळ!' त्याचं घर मातीमोलानं घ्यायचं, पुढच्या काळ्याला चढ्या भावानं विकायचं. १९६८ मध्ये भेदभावबंदीचा कायदा आला, तोवर दलालीचे पैसे खिशात गेले होते.