अम्मीचा काढा

चिकलठाण्यात आमच्या घरी थंडीची चाहूल अम्मीच्या खोकल्यानं लागायची. दरवर्षी छाती भरायची. मग हकीमसाहेबांचा जोशांदा, शेजारच्या काकूंनी दिलेली अडुळशाची पानं, रात्री हळदीचं दूध. अडुळसा काही खोटा नव्हे. त्यातल्या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन तयार झालं. आराम पडायचा, पण खोकला परतायचा. अखेर एका डॉक्टरांनी विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?" मी गप्पच झालो. लाकडाच्या धुरानं श्वासनलिका सुजतात, आणि आमचा काढा त्याच चुलीवर उकळायचा. फुंकणी अम्मीच्याच हातात! गॅस आला, खोकला बराच उतरला. काढा जरूर घ्या. पण खोकला दोन आठवडे टिकला तर दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या. आणि आधी घरातला धूर बाहेर काढा.