दिवाडीची फेरीबोट

बेट पाहायचे तर खिसा जड हवा, असे आपण धरून चालतो. पण जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर नेणाऱ्या सरकारी फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीटच नाही. पलीकडे उतरावे, बेट चालून पार करावे आणि दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला जावे. सप्तकोटेश्वरही असाच नदीपार गेला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी दिवाडीवरचे त्याचे देऊळ पाडले. पुढे भाविकांनी लिंग नार्व्यात नेले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. धक्क्यावर बोटीची वाट पाहावी लागते, हे खरे. पण देव जपायला माणसांनी केवढे पाणी ओलांडले, ते त्या थांबण्यातच उमगते. पुलावरून धावत्या मोटारीतून ते दिसणार नाही.