देणगी, कर्ज आणि हक्क



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो स्त्रिया व मुली यांच्या कार्याला मिळणाऱ्या स्थानिक देणग्यांचा. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण गिरणगावच्या वाचनालयांत आणि दरवाजासभांत झाले. देणगी या शब्दाशी आमचे फारसे सख्य नाही. मागणी हा आमचा शब्द. तरीही विषय घेतला, कारण प्रभादेवीच्या चाळींतल्या महिला मंडळांचे अर्ज लिहून देण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आले आहे. देणाऱ्याला जे क्वचितच दिसते ते अर्ज लिहिणाऱ्याला रोज दिसते.

आमच्या विभागात दानाची कथा एका बाईपासूनच सुरू होते. सिद्धिविनायकाचे देऊळ १८०१ साली उभे राहिले ते माटुंग्याच्या देऊबाई पाटील या आगरी समाजातील बाईच्या पैशाने. तिला मूलबाळ नव्हते. आपल्याला जे लाभले नाही ते इतर बायकांना लाभावे, एवढीच तिची इच्छा. आज त्या देवळाचा कारभार १९८० च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो आणि व्यवस्थापन समिती राज्य शासन नेमते. २०२४-२५ या एका वर्षाचे उत्पन्न १३३ कोटी रुपये झाले. त्यात धनिकांचे सोने आहे, तसे धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी मंगळवारी पेटीत टाकलेले दहा-दहा रुपयेही आहेत. म्हणून त्या पैशाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हां सर्वांनाच आहे असे आम्ही समजतो.

या न्यासाने २०२५ च्या मार्चअखेर एक योजना जाहीर केली. ८ मार्चला, म्हणजे महिलादिनी, शासकीय रुग्णालयात जन्मलेल्या मुलीसाठी तिच्या आईच्या नावे दहा हजार रुपयांची मुदत ठेव. ठेव आईच्या नावे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. घरात आलेला पैसा कोणाच्या नावावर आहे यावरून पुष्कळ गोष्टी ठरतात. पण ९ मार्चला जन्मलेल्या मुलीने काय करावे? आमच्या शेजारच्या एका आजीने हेच विचारले, आणि आम्हांला उत्तर देता आले नाही. मुहूर्त पाहून दिलेले दान समारंभाला शोभते. मुली मात्र वर्षाचे सर्व दिवस जन्मतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न आहे निवडीचा. कोणाला द्यायचे हे कोण ठरवतो? याच न्यासाच्या देणग्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली निवृत्त न्यायमूर्ती टिपणीस यांची समिती नेमली होती. संस्था निवडताना ठराविक पद्धत वा तत्त्व पाळलेले दिसत नाही, शिफारस कोणाची आहे एवढेच पाहिले जाते, असा त्या समितीचा अभिप्राय पडला. पुढे मार्गदर्शक नियमांची चर्चा झाली. हा रोग एकाच देवळाचा आहे असे कोणी समजू नये. लहानमोठ्या पुष्कळ धर्मादाय संस्थांत तो आहे.

आमच्या चाळीतल्या बायकांनी मुलींसाठी अभ्यासिका काढली आहे. दहा बाय बाराची खोली, दोन पंखे, चाळीसएक मुली पाळीपाळीने बसतात. घरी टीव्ही, पाहुणे, पाण्याची वेळ, धाकटी भावंडे; दहावीच्या मुलीने पुस्तक उघडावे कोठे? मुलगा निदान गॅलरीत वा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसतो, मुलीला रात्री तेही कोणी करू देत नाही. या खोलीच्या भाड्यासाठी मंडळाने एका धर्मादाय संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. पहिल्याच भेटीत विचारणा झाली, "पत्र कोणाचे आणले आहे?" मुली किती, वेळ काय, खर्च किती, यांतले एकही विचारले गेले नाही. दुसऱ्या वेळी कळविण्यात आले की भाडे देता येत नाही, हवी तर शिलाई यंत्रे देऊ. यंत्रे ठेवायला जागा हवी, आणि जागेचे भाडे तर देता येत नाही! यंत्रावर देणाऱ्याचे नाव रंगवता येते, वाटप करताना छायाचित्र निघते. भाड्याच्या पावतीचे छायाचित्र कोण छापणार?

आता गिरणगावातलाच दुसरा दाखला सांगतो. प्रेमाताई पुरव या आमच्याच चळवळीतल्या. १९७४ साली कापडगिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा पगार नसलेल्या कामगारांना उधारीवर जेवू कोण घालत होते? खाणावळवाल्या बायका. त्या स्वतः वाण्याकडून आणि सावकाराकडून जबर व्याजाने उचल घेत, भांडी गहाण टाकीत. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे आली, या बायकांच्या चुली आल्या नाहीत. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अशा चौदा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. नुकत्याच राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकांकडे त्या गेल्या. तारण नव्हते, एकीने दुसरीची हमी घेतली. कर्ज मिळाले आणि चोख फिटले.

आमची आईही खाणावळ चालवी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. तिला फारसे लिहिता येत नव्हते. गड्यांच्या नावापुढे ती रेघा ओढी, आणि त्या रेघांचा हिशेब आम्ही संध्याकाळी मांडीत असू. कित्येक रेघा कधीच खोडल्या गेल्या नाहीत. पण कोणाचे किती येणे आहे हे तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होते. अशा बाईला हिशेब कळत नाही असे मानून तिच्या हातात पैसा न देणारे लोक आम्ही पाहतो तेव्हा नवल वाटते.

मग सगळे कर्जावरच भागवावे काय? नाही. धंद्याला कर्ज ठीक. पोळीभाजीतून हप्ता निघतो. अभ्यासिकेतून, पाळणाघरातून, मारहाण झालेल्या बाईला वकील गाठून देण्यातून हप्ता निघत नाही. तेथे देणगीच हवी. आणि जे कायद्याने मिळायला हवे ते देणगीवर ढकलू नये. मालकांच्या औदार्याला आम्ही नावे ठेवीत नाही. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालचे, वाडिया गिरणीमालकांनी उभारलेले. गिरणगावच्या किती पिढ्या तेथे जन्मल्या! सर विठ्ठलदास ठाकरसी हेही गिरणीमालक. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला त्यांनी १९२० साली पंधरा लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे, नाथीबाईंचे, नाव त्याला लागले. परंतु बाळंतपणाच्या रजेत पगार मिळावा ही गोष्ट कोणा मालकाच्या मनावर सोडून चालली नसती. त्यासाठी कायदे कौन्सिलात भांडावे लागले, डॉ. आंबेडकरांनी तेथे या विधेयकाचा कैवार घेतला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. त्या काळी गिरण्यांत पाचांत एक कामगार बाई होती. पुढे मालकांनी बायकांची भरती कमी कमी केली, हेही सांगितले पाहिजे.

आज गिरण्या नाहीत. स्टँडर्ड मिलचा भोंगा ज्या प्रभादेवीत वाजे तेथे आता काचेचे मनोरे आहेत, त्यांत कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग आहे. स्त्रियांचे सबलीकरण, त्यांची वसतिगृहे ही कामे त्या कायद्याच्या यादीत आहेत, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला अग्रक्रम द्यावा असेही त्यात म्हटले आहे. मनोऱ्याच्या सावलीतल्या चाळीला परिसर म्हणायचे की नाही, एवढे त्यांनी एकदा सांगावे.

आमचे म्हणणे थोडक्यात इतके: अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा. कोणाला किती दिले, कोणाला का नाकारले, याची यादी फलकावर लागावी. निवडणाऱ्यांत चाळीत राहणाऱ्या दोन बायका असाव्यात. आणि भाडे, वीज, शिकवणाऱ्या मुलीचे मानधन, या रोजच्या खर्चाला निदान तीन वर्षे पैसे द्यावेत. एका वर्षाच्या देणगीवर उघडलेली अभ्यासिका दुसऱ्या वर्षी बंद पडते, ती नेमकी दहावीच्या तोंडावर.

मंडळाचा अर्ज पुढल्या महिन्यात तिसऱ्यांदा जाणार आहे. शिफारसपत्र जोडायचे नाही असे बायकांनी आमचे न ऐकता ठरविले आहे. तीन वर्षांचा जमाखर्च तेवढा जोडायचा. त्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना आकडेमोड तपासण्याची सवय आहे त्यांनी एकेक घेऊन जावी.